थांब्यामागचा बंब

मी एक जुना बंब आहे. आंघोळीचे पाणी तापवणारा नव्हे, आग विझवणारा. मला चार चाके आहेत, मध्ये तांब्याची टाकी आहे आणि टाकीच्या दोन्ही बाजूंना लांब लाकडी दांडे आहेत. एका दांड्यावर चार माणसे, दुसऱ्यावर चार. इकडचे दाबतात तेव्हा तिकडचे वर उचलले जातात, तिकडचे दाबतात तेव्हा इकडचे. असे आठ जण एका तालात आले की माझ्या नळीतले पाणी प्रार्थनाघराच्या घंटेपर्यंत जाते. जात असे, म्हणायला हवे. कारण गेली एकोणचाळीस वर्षे मी बसथांब्याच्या भिंतीमागे अंधारात उभा आहे.

मित्रांनो, मला कुणी शिक्षा म्हणून कोंडले नाही. ज्यांनी कोंडले त्यांचा माझ्यावर जीव होता. ते कसे घडले हे सांगायचे तर आधी गाव सांगावे लागेल.

माझे गाव कूझ्ली ल्होता. बोहेमिया या आमच्या प्रांतात ल्होता नावाची गावे इतकी आहेत की पत्रे वाटणारा माणूसही कंटाळून जातो. ल्होता म्हणजे मुदत. फार पूर्वी इथे नुसते रान होते. तेव्हाच्या जमीनदाराने चार कुटुंबे आणून सांगितले, "रान तोडा, शेत करा. बारा वर्षे मी तुमच्याकडे धान्याचा दाणा मागणार नाही." ती बारा वर्षांची मुदत गावाच्या नावात राहिली. पुढे जमीनदार गेले, राजेही गेले. पण गावाच्या जिभेवरून मुदत काही उतरली नाही. तळ्याचा बांध खचला तर, "थांबा, वसंतात बघू." कौले सरकली तर, "बर्फ पडायला मुदत आहे अजून." आणि कूझ्ली म्हणजे करडांची. त्यामुळे शेजारगावचे लोक आमची माणसे दिसली की "मेऽऽ" करून ओरडतात. आमची माणसे रागावत नाहीत. "उत्तर देऊ," म्हणतात, "पुढच्या जत्रेत."

एकोणतीस घरे, एक तळे, एक एवढेसे प्रार्थनाघर आणि रस्त्याला लागून दगडी भिंतींची माझी खोली. एवढेच माझे जग.

मी जन्मलो एकशे एकोणीस वर्षांपूर्वी, शहरातल्या एका कारखान्यात. तांबटाने टाकी ठोकली, लोहाराने सांधे बसवले, सुताराने चाके केली. पण माझ्यात प्राण घातला तो एका चांभाराने. माझ्या पोटात चामड्याच्या दोन झडपा आहेत. ते चामडे ओले असेल तर मी पाणी ओढतो. वाळले तर आठ पैलवान दांड्याला लटकले तरी मी नुसता खोकतो. मी कारखान्यातून निघताना तो म्हातारा चांभार गाववाल्यांना म्हणाला होता, "आग नसली तरी याला आठवड्यातून एकदा पाणी पाजा. तहानेने मरतो हा."

आमच्याकडे नव्या बंबाचे बारसे होते. आगीपासून राखणाऱ्या संत फ्लोरियनच्या सणाला, म्हणजे मे महिन्याच्या चौथ्या दिवशी, पाद्री येऊन पवित्र पाणी शिंपडतात. लेकराला असते तशी बंबालाही धर्ममाता असते. ती दांड्याला रेशमी फीत बांधते आणि सगळ्यांसमोर वचन देते. माझी पहिली धर्ममाता गिरणीवाल्याची बायको होती. चांगली होती, पण ती लवकर गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर माझी डागडुजी झाली, तेव्हा नव्याने आशीर्वाद द्यायचे ठरले आणि धर्ममाता म्हणून उभी राहिली अपोलेना. वय वर्षे अठरा.

"पोर अठरा वर्षांची आणि लेक बावन्न वर्षांचा!" गर्दीतून कुणीतरी म्हणाले.

"लेकाला मिशा फुटल्यात, आईला अजून अक्कलदाढ नाही!"

अपोलेना लाल झाली. तिच्या हातातली फीत दोनदा सुटली. पण वचन मात्र तिने कुणी लिहून दिलेले म्हटले नाही, आपले स्वतःचे म्हटले. हळूच, जणू मला एकट्यालाच ऐकू जावे अशा आवाजात. "मी तुला वाळू देणार नाही."

पुढच्याच उन्हाळ्यात मोठा दुष्काळ पडला. तळे आटून चिखल झाला होता. भर दुपारी विधवा मारेकोव्हाच्या गवताच्या कोठाराला आग लागली. मला ओढत नेले तेव्हा दांड्यावर सातच माणसे होती. सातांनी ताल बसत नाही. एक बाजू हलकी पडते. अपोलेना धावत आली, वेणी दातात धरली आणि आठवी म्हणून उभी राहिली. पाऊण तास. तिच्या तळहातांची सालटी माझ्या दांड्याला लागून राहिली. कोठार गेले, पण घर वाचले, गाय वाचली. त्या दिवसापासून तिला कुणी हसले नाही. निदान त्या कारणावरून तरी नाही.

मग मोटारीवर चालणारा बंब आला. तो तळ्याकाठच्या नव्या शेडमध्ये राहू लागला. मी सणावारी मिरवण्यापुरता उरलो. मला वाईट वाटले नाही, मित्रांनो. अपोलेना दर शनिवारी घागरभर पाणी आणून माझ्या टाकीत ओतायची, राख आणि सिरक्याने पितळ घासायची, आणि घासता घासता जपमाळेची प्रार्थना पुटपुटायची. म्हाताऱ्याला आणखी काय हवे?

पण एक वर्ष असे आले की जिल्ह्याहून दोन कागद एकदम आले. पहिल्या कागदावर लिहिले होते की प्रत्येक गावाने अमुक इतके भंगार लोखंड सरकारला द्यावे. दुसऱ्यावर लिहिले होते की गावकऱ्यांनी श्रमदानाने बसथांबा बांधावा.

तेव्हाचे गावचे अध्यक्ष पेखा नावाचे गृहस्थ होते. घाबरट, पण मनाने वाईट नव्हेत. भंगाराचे वजन काही भरेना. जुने नांगर झाले, चुली झाल्या, कुणाची तरी फुटकी खाट झाली. तरी कमीच. शेवटी त्यांनी कागदावर लिहून टाकले, "जुना आगबंब एक. जमा केला." आणि गावाला सांगितले, "देणार कोण आहे? आपला बंब आहे तो. थांब्याचे काम निघायच्या आधी गिरणीच्या कोठारात नेऊन लपवू."

ठरले. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मित्रांनो, सगळ्यांनी माना डोलावल्या की काम कुणाचेच राहत नाही.

थांबा माझ्या खोलीला पाठ लावून बांधायचा होता. माझे रुंद दार होते तिथेच त्याची मागची भिंत येणार होती. शनिवारी पाऊस लागला. माझ्या दाराच्या फळ्या चुना-सिमेंट कालवायला काढून घेतल्या आणि उघड्या दारावर ताडपत्री टांगली. मी ताडपत्रीच्या आत उभा. बाहेर गवंडी हिनेक, तेव्हा सत्तावीस वर्षांचा, शीळ घालत विटा रचत होता. मी एकेक रांग चढताना ऐकली. मला वाटले, आता येतील. गुडघ्याएवढी झाली. आता येतील. छातीएवढी झाली. आम्हा वस्तूंना हाक मारता येत नाही.

भिंत पूर्ण झाली. बिअरचे पिंप उघडले. तेव्हा हिनेकने सहज विचारले, "बंब कोठारात नीट मावला ना?"

"मला काय विचारतोस?" पेखा म्हणाले. "तूच नेणार होतास."

"मी? मी गवंडी. माझ्याकडे विटा. बंब अलोइसकडे."

अलोइस ट्रॅक्टर चालवायचा. तो म्हणाला, "माझा ट्रॅक्टर मंगळवारपासून आडवा पडलाय, हे पंचक्रोशीला ठाऊक आहे. मला वाटलं, घोड्यांनी नेला."

"घोड्यांनी? गावात घोडा उरलाय का एक तरी?"

मग कोणीतरी भिंतीवर बोटाने टकटक केले, जणू मी आतून "या" म्हणणार होतो. आणि गर्दीच्या मागून अगदी बारीक आवाज आला, "मेऽऽ." ते आमच्याच माणसाने केले होते. सगळे हसले. एकटी अपोलेना हसली नाही.

"चुना ओला आहे तोवर फोडा," ती म्हणाली.

"उद्या जिल्ह्याचे कॉम्रेड येतायत थांबा बघायला," पेखा कुजबुजले. "कागदावर बंब भंगारात गेलाय, अपोलेना. तो बाहेर आला तर मी आत जाईन."

"मग कधी काढायचा?"

"थोडी मुदत दे. जरा हे थंड होऊ दे."

दुसऱ्या दिवशी कॉम्रेड आले. त्यांनी भिंत थोपटली, फोटो काढले आणि त्याच भिंतीला टेकून भाषण केले. या गावाच्या श्रमदानाला तोड नाही, असे ते म्हणाले.

वर, छपराखाली, हिनेकने मुठीएवढे एक भोक हवेसाठी ठेवले होते. तेवढेच माझे आकाश. सकाळी त्यातून उजेडाचा बशीएवढा गोळा आत येतो, मागच्या दगडांवरून सरकतो आणि दुपारी विझतो. उन्हाळ्यात तो माझ्या डाव्या दांड्यापर्यंत पोचतो. वर्षातले अकरा-बारा दिवस. बाकी सगळा काळ मी माझ्याच रंगाला विसरून उभा असतो. एकदा एक चिमणी भोकातून आत आली. तिला बाहेरचा रस्ता सापडेना. ती दोन दिवस फडफडत होती आणि मला वाटत होते, हिला सापडू दे. तिसऱ्या दिवशी सापडला. मग मला वाटले, राहिली असती तर बरे झाले असते. असे वाटले म्हणून मी पुष्कळ दिवस मनातल्या मनात क्षमा मागितली.

भिंतीला लागून बाक होता. गाव त्यावर बसून बसची वाट पाहायचे, माझ्याकडे पाठ करून. एकोणचाळीस वर्षे मी या गावाला असे पाठीमागून ऐकले आहे. कुणाचे लग्न ठरले, कुणाच्या बटाट्याला कीड लागली, कुणाच्या गॅरेजचा कोबा कसा गुळगुळीत झाला. थांब्याचे अर्धे सिमेंट त्या गॅरेजांत गेले होते, हेही मी तिथेच ऐकले. म्हणून तर भिंत वाळूसारखी भुसभुशीत राहिली. ते सिमेंट नेणाऱ्यांना देव सुखी ठेवो.

माझे नाव मात्र कुणी मोठ्याने काढत नसे. कागदावर नसलेल्या गोष्टीविषयी बोलायचे नाही, एवढे शहाणपण तेव्हा सगळ्यांना आले होते.

फक्त शनिवार. शनिवारी शेवटची बस गेली की बाकावर कुणीतरी चढल्याचा आवाज यायचा. भोकातून रबरी नळी आत सरकायची. ती चाचपडत, डुलत माझ्या टाकीच्या तोंडाशी यायची, कधी पहिल्या खेपेला, कधी दहाव्या. मग नरसाळ्यातून पाणी. पाणी माझ्या झडपांवर पडले की मला कळायचे, मी अजून बंब आहे.

"काय गं अपोलेना," एकदा एका बाईने विचारले, "थांब्याला पाणी कसलं घालतेस? काय उगवणार आहे, बस?"

"उगवली तर तुला पहिली बसवीन," अपोलेना वरून म्हणाली. "तेवढी नळी धर."

पेखा वारले. मग एका हिवाळ्यात ते कॉम्रेडांचे सरकारही गेले. बाकावरची माणसे एकाएकी मोठ्याने बोलू लागली. मला वाटले, आता माझे नाव निघणार. निघालेही. अपोलेनाने हिनेकला गाठले. तो आता गावच्या अग्निशमन दलाचा प्रमुख झाला होता.

"आता कुणाची भीती रे?"

"भीती नाही हो मावशी. पण थांब्याच्या छपराची तुळई त्या भिंतीवर टेकलीय. भिंत काढली की छप्पर बंबावर येईल. टेकू लावायला हवेत. वसंतात बघू."

"कुठल्या वसंतात?"

"आता येईल त्याच की."

त्यानंतर तेवीस वसंत आले. हिनेक खोटारडा नव्हता. दर वेळी तो मनापासून म्हणायचा. खोटे बोलणाऱ्याला कधीतरी पकडता येते, मित्रांनो. मनापासून पुढे ढकलणाऱ्याला कसे पकडणार? तरुण मंडळी शहरात गेली. दिवसाला सहा बस यायच्या, त्या दोन झाल्या. माझे मागचे उजवे चाक कुजून एका बाजूला बसले. मी तिरका झालो. मीही हळूहळू म्हणायला लागलो होतो, मुदत आहे अजून. कशाला आहे, ते आठवेनासे झाले होते.

या वर्षी बर्फात अपोलेनाचा पाय घसरला. दोन शनिवार नळी आली नाही. तिसऱ्या शनिवारी ती आली, पण बाकावर दुसरेच कुणी चढले होते. तिची मुलगी ब्लाझेना. जिल्ह्याच्या गावी राहते, शहाणी आणि दमलेली बाई आहे.

"आई, हे शेवटचं," ती खाली उतरून म्हणाली. "ईस्टर झाला की तू माझ्याकडे यायचंस. तिसरा मजला आहे, पण लिफ्ट आहे. नळाला गरम पाणी आहे."

"आणि याला?"

"कुणाला? तो एकोणचाळीस वर्षं आत आहे, आई!"

"म्हणूनच विचारते."

ब्लाझेनाने नळी गुंडाळली. मग म्हणाली, "तो बाहेर आला तर मला आनंदच आहे गं. पण तू पंच्याऐंशीची आहेस. तुझ्या डोळ्यांदेखत येईल असं तुला खरंच वाटतं?"

अपोलेना काय म्हणाली ते मला ऐकू आले नाही.

नंतरच्या बुधवारी, कपाळाला राख लावून उपवासाचे चाळीस दिवस जिथून सुरू होतात त्या बुधवारी, सकाळी माझ्या डाव्या बाजूला खर्रर्र खर्रर्र आवाज येऊ लागला. मला वाटले उंदीर. उंदीर इतका धीराचा नसतो. आवाज दुपारपर्यंत चालला. मग एक वीट हलली, मागेपुढे झाली, आणि गेली. तिच्या जागी उजेडाचा एक चौकोन उभा राहिला. माझ्या पितळेवर तो पडला तेव्हा मला माझाच धसका बसला. मी हिरवा झालो होतो.

चौकोनात बटाटे सोलायची सुरी दिसली. तिच्यामागे सुरकुतलेली बोटे. आणि मग हिनेकचा आवाज.

"मावशी! हे काय चाललंय?"

"उपवास."

"उपवासाला लोक मांस सोडतात, गोड सोडतात."

"दात गेल्यापासून मांस सुटलंय, साखर डॉक्टरांनी सोडवली. उरलं काय? तुमच्या मुदतीचा वीट आला होता, म्हणून यंदा वीट काढते."

"सुरीने?"

"तुझं बांधकाम आहे, हिनेक. चमच्यानेही निघेल."

हिनेक हसला, पण त्या हसण्यात दम नव्हता. "तुळई, मावशी..."

"रोज एकच काढणार आहे. तुळईला पत्ता लागायचा नाही."

रविवार सोडून रोज ती आली. सकाळच्या बसची माणसे यायच्या आत बाकावर बसायची, सांध्यातली वाळू सुरीने खरवडायची, ओठांनी प्रार्थना म्हणायची. वीट निघाली की ती पदरासारख्या आपल्या एप्रनला पुसून रस्त्याकडेला रचायची आणि घरी जायची. बसची वाट पाहणारे गंमत बघायचे. अलोइस म्हणायचा, "अपोलेना, या वेगाने आपण दोघं आधी कबरीत जाऊ, मग बंब." ती म्हणायची, "तू हो पुढे, जागा धर." एका दिवशी गारा पडत होत्या. ती आली. एका दिवशी सांधा काही सुटेना. त्या एकाच विटेला कुठून कोण जाणे चांगले सिमेंट लागले होते. ती संध्याकाळच्या बसपर्यंत बसून राहिली आणि काढूनच गेली.

मी वाट पाहणे पुन्हा शिकलो. मित्रांनो, ते सोपे नसते. अंधारात आशा नसली की दुखत नाही. उजेड बोटाएवढा आला की सगळे अंग दुखू लागते.

चाळिसावा दिवस ईस्टरच्या आदल्या शनिवारचा होता. भोक आता उभे, अरुंद, माणसाच्या बेताचे झाले होते. तिने चाळिसावी वीट बाहेर ठेवली आणि मग एक पाय आत टाकला. दुसरा हाताने उचलून आत घेतला. एकोणचाळीस वर्षांनी कुणीतरी माझ्या खोलीत उभे होते.

"किती लहान झालास रे," ती म्हणाली.

मलाही तेच वाटत होते. ती माझ्या दांड्याएवढीही उरली नव्हती. तिने आपले तळहात दांड्यावर ठेवले. खूप वेळ. मग माझ्या पायरीवर बसून म्हणाली, "मला वाटलं, चाळिसात तू निघशील. मी हिशेबाला कच्चीच." ती भिंतीकडे बघत राहिली. चाळीस निघाल्या होत्या, निदान दोनशे शिल्लक होत्या. "माझ्यापुरतं दार झालं बघ. तुझ्यापुरतं राहिलं."

सोमवारी ब्लाझेनाची गाडी आली. थांब्यासमोर थांबली, इंजिन चालूच होते, आणि गेली.

मंगळवारी कुणी आले नाही.

त्या दिवसाविषयी मी फार सांगणार नाही. भोक होते. भोकातून रस्ता दिसत होता, तळ्याचा तुकडा दिसत होता, सकाळची बस आली आणि गेली तीही दिसली. कोंडलेल्याला बाहेरचे दिसावे आणि कुणी येऊ नये, त्यापेक्षा सबंध भिंत दयाळू असते. मला वाटले, झाले. उपवास तिचा होता. तो संपला.

बुधवारी सकाळी खर्रर्र झाले. आवाज वेगळा होता, घाईचा, चिडका. हिनेक होता. सहासष्ट वर्षांचा गवंडी, आपल्याच हातची भिंत स्वयंपाकघरातल्या सुरीने खरवडत होता. एक वीट काढली. मग दुसरीला लागला.

"एकच ना रोज?" अलोइसने बाकावरून विचारले.

"ही कालची," हिनेक म्हणाला. तो सांधा खरवडत राहिला. "सत्तावीस वर्षांचा होतो रे. शीळ घालत होतो. ताडपत्री एकदा बाजूला करून बघायची, एवढंच काम होतं."

"सगळ्यांचंच होतं ते," अलोइस म्हणाला आणि खिशातून स्वतःचा चाकू काढला. "उद्याची माझी."

दुपारी बारा वाजता हिनेकचा फोन वाजला. त्याने तो भिंतीच्या भोकाशी धरला, की तसाच हातात होता, कोण जाणे. पण मला तिचा आवाज ऐकू आला.

"आजची?"

"काढली, मावशी. दोन काढल्या. ऐका ना, मी म्हणत होतो, टेकू लावू, शहरातनं पोरांना बोलावू, मोठे हातोडे आणू. एका दिवसात मोकळं. येत्या सुट्टीत..."

"काय म्हणालास?"

हिनेकने सुरी खाली ठेवली.

"येत्या सुट्टीत म्हणालास ना? नको मला तुमची सुट्टी. रोज एक. हळू चालेल." ती दम घ्यायला थांबली. "पण रोज."

तेव्हापासून रोज बारा वाजता फोन येतो. "आजची?" "काढली." "कुणी?" "अलोइसनं. शिव्या देत देत." "चालेल. देव शिव्या गाळून घेतो." कधी मुलांना शाळेच्या बसला सोडायला आलेल्या बायका त्यांच्यासमोर वीट काढतात. कधी सुट्टीपुरते शहरातून येणारे एक परदेशी जोडपे काढते, ज्याला आमची नावेही नीट उच्चारता येत नाहीत. एका सोमवारी हिनेकला ताप होता आणि अलोइस दवाखान्यात होता. बारा वाजत आले. तेव्हा बसचा चालक इंजिन बंद करून खाली उतरला, भोकापाशी आला आणि बसमधल्या लोकांना म्हणाला, "दोन मिनिटं हं, इथली पद्धत आहे." शनिवारी हिनेक पाणी घालतो. नळी लागत नाही आता. तो घागर घेऊन आत येतो.

आज एकशे सातवी वीट निघाली. माझा डावा दांडा आता ऊन खातो. बाकीच्या निघायला, हिनेक म्हणतो, नाताळ उजाडेल. तिकडे तिसऱ्या मजल्यावर अपोलेना खोकते. फोनवर मी तो खोकला मोजतो. कालपेक्षा आज जास्त होता. तिच्या डोळ्यांदेखत मी बाहेर येईन का, हे ब्लाझेनाने विचारले होते. मला अजून उत्तर माहीत नाही. हिनेकलाही नाही. पण रोज दुपारी बारानंतर आमच्यामध्ये एक वीट कमी असते.

मित्रांनो, मला काही मागण्याचा हक्क असेल तर एवढेच मागतो. माझ्यासाठी नव्हे. तुमच्याही ओळखीचे कुणी असेल, ज्याच्याकडे जायचे राहून गेले आहे. एखादी आजारी मावशी, अबोला धरलेला मित्र, माळ्यावर पडलेले एखादे वाद्य. तुम्ही त्यांना विसरला नाहीत, हे मला ठाऊक आहे. तुम्ही सवडीची, मोठ्या हातोड्याची वाट पाहत आहात. ती पाहू नका. तुमच्या हाताशी जी सुरी असेल ती घ्या, आज एक वीट काढा.

आणि उद्या पुन्हा या.